गेलेल्या एलईडी बल्बच्या पोटात

घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब गेला की लोक तो कचऱ्यात टाकतात. आमच्या गल्लीत मात्र आता सगळ्यांना माहीत झालंय, गेलेला बल्ब माझ्या दुकानात आणून द्यायचा. इलेक्ट्रॉनिक्स शिकायला याच्याहून चांगली वस्तू मला तरी अजून मिळालेली नाही. रेझिस्टर, डायोड, कपॅसिटर, कॉइल, आयसी (म्हणजे चिपमध्ये बसवलेलं सर्किट) आणि एलईडी, सगळी मंडळी एकाच टोपणाखाली बसलेली असतात. फुकट मिळतो, आणि बिघडलेलाच असल्यामुळे उघडताना हात कचरत नाही.

माझं कराडला दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलं, तेव्हापासून हेच काम. भाचा पॉलिटेक्निकला आहे. सुट्टीत आला की टेबलापाशी बसतो. मागे म्हणाला, "मावशी, पुस्तकातलं सगळं येतं गं मला. पण बोर्ड हातात आला की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही." त्याचं म्हणणं खरं आहे. पोरांना कपॅसिटरची व्याख्या तोंडपाठ असते, पण समोरचा कपॅसिटर तिथे का बसवलाय हे कुणी त्यांना विचारलेलंच नसतं. मी त्याला एकच सवय लावतेय: करंट कुठून आत आला ते शोध, बोट ठेव, आणि तो परत बाहेर पडेपर्यंत बोट उचलू नकोस.

हे बोट ठेवणं बल्ब होल्डरमधून काढल्यावरच. स्वस्त बल्बमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे एलईडीची पट्टी थेट मेनशी जोडलेली असते. सप्लाय चालू असताना टोपण काढलेल्या बल्बच्या एलईडीच्या टोकाला टेस्टर लावला तर टेस्टर पेटतो. म्हणजे तिथे शॉक आहे. आणि होल्डरमधून काढल्यावरही आतला कपॅसिटर भरलेला राहू शकतो. त्याच्या दोन पायांना १०० किलोओहमचा रेझिस्टर पकडीने तीन-चार सेकंद लावायचा, मग मीटरवर व्होल्टेज शून्याला आलंय का बघायचं, मगच हात. काही जण स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करतात. माझ्या टेबलावर ते चालत नाही. लहान मुलांनी तर मेनच्या भागाला हातच लावायचा नाही, त्यांच्यासाठी शेवटी बॅटरीवरचं सर्किट दिलंय.

आता टोपण. पांढरं घुमट सिलिकॉनने चिकटवलेलं असतं. कडेने दाबत थोडं पिळलं की सुटतं. आत ॲल्युमिनियमची गोल पट्टी आणि तिच्यावर पिवळे चौकोनी दाणे. एलईडी मुळात निळा असतो, वरच्या पिवळ्या थरामुळे उजेड पांढरा दिसतो. हा निळा एलईडी बनवायला फार वर्षं लागली. तो करून दाखवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, आपल्याकडे सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि गावोगावच्या घरात हे बल्ब पोचले. एवढं मोठं काम त्या पिवळ्या दाण्यात आहे, म्हणून मी पोरांना आधी तो भिंगातून नीट बघायला लावते.

भिंगातून बघितलं की बहुतेक वेळा बिघाड तिथेच सापडतो. एखाद्या दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका असतो. तो एलईडी गेलेला. आणि एकच गेला तरी अख्खा बल्ब बंद, कारण सगळे दाणे सिरीजमध्ये आहेत. करंटला जायला एकच वाट, ती एका जागी तुटली की संपलं. दिवाळीच्या जुन्या बारक्या बल्बांच्या माळा ज्यांनी दुरुस्त केल्यात त्यांना हे सांगावं लागत नाही. कधी काळा ठिपका दिसत नाही, पण बल्ब थोडा वेळ लागतो, विझतो, परत लागतो. तिथे दाण्याच्या आतला जोड तापला की सुटतो आणि थंड झाला की परत टेकतो.

ठिपका नसेल तर दाणा तपासायचा कसा? इथे बरेच जण फसतात. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून दाण्याला लावतात, उजेड येत नाही, आणि सगळेच गेले म्हणून सोडून देतात. मागच्या आठवड्यातल्या बल्बमध्ये नऊ दाणे होते, आणि प्रत्येक दाण्यात तीन एलईडी एकामागे एक जोडलेले. एका पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणजे दाण्याला ९. मीटर देतो जेमतेम ३ व्होल्ट. मग तो पेटणार कसा? ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, मधे १ किलोओहमचा रेझिस्टर घाला (तपकिरी, काळा, लाल, सोनेरी), आणि दोन्ही टोकं दाण्याला लावा. चांगला दाणा मंद उजळतो. नाही उजळला तर टोकं उलटी करून बघा, एलईडीत करंट एकाच दिशेने जातो. अंधार केला तर पिवळ्या थराखाली तीन निळसर ठिपके वेगवेगळे दिसतात. भाच्याने ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याने मोबाइल बाजूला ठेवला आणि बराच वेळ बघत बसला.

आता पट्टी उचलून खालचा बोर्ड बाहेर घेऊ आणि बोट ठेवू.

पिनमधून आत आल्यावर पहिला भेटतो बारकासा रेझिस्टर, बहुतेकदा १० ओहमचा. त्याचं काम काय? आपल्या घरातलं २३० व्होल्ट हे सरासरीसारखं माप आहे, लाटेचा माथा १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. बटण नेमकं माथ्यावर दाबलं गेलं आणि पुढचा कपॅसिटर रिकामा असला तर तो पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. हा १० ओहम मधे असल्यामुळे तो झटका ३३ अँपिअरच्या वर जात नाही, आणि तोही क्षणभरच. पुढे काही शॉर्ट झालं तर हाच रेझिस्टर जळून वाट तोडतो, म्हणजे फ्यूजचंही काम करतो. म्हणून त्याच्या जागी वायरचा तुकडा टाकून बल्ब "चालू करून देणारे" मला पटत नाहीत. जळलेला रेझिस्टर दिसला की आधी पुढे काय शॉर्ट आहे ते शोधायचं.

पुढे चार डायोड, हल्ली बहुतेक एकाच काळ्या चिपमध्ये. मेनचा करंट सेकंदाला ५० वेळा पुढेमागे फिरतो. पुढच्या फेरीत दोन डायोड वाट देतात, मागच्या फेरीत दुसरे दोन, आणि बाहेर मात्र दोन्ही वेळा एकाच बाजूने करंट पडतो. त्यामुळे सेकंदाला १०० माथे मिळतात. दोन माथ्यांच्या मधल्या खळग्यात उजेड कमी होऊ नये म्हणून लगेच उभा कपॅसिटर, वर ४.७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट असं छापलेला. माथ्यावर भरतो, खळग्यात देतो.

बल्बमध्ये सगळ्यांत जास्त त्रास कुणाला होत असेल तर या कपॅसिटरला. त्याच्या आत ओला द्राव असतो आणि तो उष्णतेने वाळत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. म्हणून बंद काचेच्या शेडमध्ये बसवलेले बल्ब लवकर जातात. कपॅसिटर वाळला की बल्ब बंद पडत नाही, पण थरथरायला लागतो. डोळ्याला नेहमी कळत नाही, मोबाइलचा कॅमेरा धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं असेल तर तपासायचीही गरज नाही, सरळ बदला.

इथवर आपल्याकडे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी आहे, आणि नऊ दाण्यांना मिळून लागतात ८१. करंट हवा सुमारे ०.१ अँपिअर. वरचे २४४ व्होल्ट घालवायचे कसे? भाचा पटकन म्हणाला, "रेझिस्टर घाल की!" म्हटलं, गणित कर. २४४ भागिले ०.१, म्हणजे २४४० ओहम. बरोबर. आता त्या रेझिस्टरमध्ये उष्णता किती? २४४ गुणिले ०.१, चोवीस वॉटच्या वर. आठ वॉटचा उजेड करायला चोवीस वॉट नुसते तापवण्यात घालवायचे. ओहमचा नियम १८२७ चा आहे आणि सगळ्यांना पाठ असतो, पण तो असा हातात घेऊन वापरला की तुमच्यासमोर एक गोष्ट लख्ख होते: पुढची कॉइल आणि आयसी तिथे का आहेत.

आयसीच्या आत एक स्विच आहे, तो सेकंदाला हजारो वेळा करंटची वाट जोडतो आणि तोडतो. वाट जोडली की कॉइलमधून करंट वाढायला लागतो. कॉइलला करंट एकदम बदललेला चालत नाही, म्हणून तो हळूहळू वाढतो. ठरलेल्या आकड्याला पोचला की आयसी वाट तोडतो. मग कॉइल साठवलेली ऊर्जा शेजारच्या डायोडमधून एलईडींना देत राहते, करंट उतरायला लागतो, आणि परत वाट जोडली जाते. आयसीला करंट कळतो तो एक-दोन ओहमच्या बारीक रेझिस्टरवरून. त्याच्यावर किती व्होल्ट पडले ते तो मोजतो. बोर्डावरच्या सगळ्यांत लहान भागांपैकी तो एक, आणि बल्बचा उजेड तोच ठरवतो. काही बल्बमध्ये कॉइल नसते, आयसीच जादाचं व्होल्टेज अंगावर घेतो. तसला बल्ब जास्त तापतो.

दुरुस्तीनंतर बल्ब मी कधीही थेट बोर्डात लावत नाही. आधी सिरीज बोर्ड. दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर एक जुना १०० वॉटचा तारेचा बल्ब लटकलेला असतो ना, तोच. तपासायची वस्तू त्याच्यामागे सिरीजमध्ये येते. वस्तू शॉर्ट असली तर तारेचा बल्ब फुल पेटतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आत राहतो, स्फोट नाही, एमसीबी पडत नाही. वस्तू ठीक असली तर ९ वॉटचा बल्ब उजळतो आणि तारेचा बल्ब काळाच. कारण तार थंड असताना तिचा विरोध अगदी कमी, तापल्यावर दहापटीहून जास्त, ५२९ ओहमच्या आसपास. शॉकपासून मात्र सिरीज बोर्ड वाचवत नाही, हे कुणी विसरू नका.

गेलेला दाणा बदलायला दुसऱ्या मेलेल्या बल्बचा घ्यायचा. सोल्डरिंग आयर्नने तो निघत नाही, ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेतं. आम्ही इस्त्री उलटी ठेवतो, वर पट्टी, टाका वितळला की चिमट्याने दाणा उचलायचा. खूण बघून त्याच दिशेने नवा बसवायचा. दाणा काढून दोन टोकं नुसती जोडूनही बल्ब लागतो, पुष्कळ जण तेच करतात. नऊमधला एक गेला तर चालून जातं, पण ज्या उष्णतेने पहिला गेला ती तशीच असते. मी गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगते.

उरलेले चांगले दाणे फेकायचे नाहीत. भाच्याने त्यांच्यातून आजीच्या गोठ्यासाठी दिवा केला, गाडीच्या जुन्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. एक दाणा ९ व्होल्टचा, उरले ३, करंट ३० मिलिअँपिअर धरला तर रेझिस्टर १०० ओहम. बॅटरी चार्जिंगला असताना १४ च्या वर जाते, तेव्हा करंट ५० च्या पुढे सरकतो, म्हणून रेझिस्टर पाव वॉटचा नको, अर्ध्या वॉटचा घ्या. आपोआप लागायला हवा असेल तर दाण्याच्या खालच्या बाजूला बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, बॅटरीच्या प्लसकडून ४७ किलोओहम, आणि बेसपासून मायनसला एलडीआर, म्हणजे उजेड पडला की विरोध कमी होणारा रेझिस्टर. पुण्याला तपकीर गल्लीत हे सगळं काही रुपयांत मिळतं.

दिवसा एलडीआरचा विरोध दोन किलोओहमच्या खाली असतो, तेव्हा बेसला अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी मिळतं आणि ट्रान्झिस्टर बंद राहतो. त्याला सुरू व्हायला ०.६ ते ०.७ लागतात. अंधार पडला की एलडीआरचा विरोध शेकडो किलोओहमवर जातो, ४७ किलोओहममधून येणारा पाव मिलिअँपिअर बेसमध्ये शिरतो, आणि तेवढ्याच्या जोरावर ट्रान्झिस्टर दाण्याचे तीस मिलिअँपिअर सोडतो. मीटर बेसवर ठेवा आणि एलडीआरवर हळूहळू बोट झाका. आकडा चढतो, ०.६ च्या आसपास दाणा उजळायला लागतो, आणि आकडा तिथेच अडतो.

एलडीआर गोठ्याबाहेर, आकाशाकडे तोंड करून लावा. आत दाण्याच्या समोर लावला तर दाणा पेटल्यावर त्याच्याच उजेडाने ट्रान्झिस्टर मिटायला लागतो आणि दिवा धड लागत नाही, धड विझत नाही.