गणपतीला पनवेल ते कुडाळ: वाटेतल्या पंपांचा अनुभव

गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहाटे चारला पनवेल सोडलं. गाडीत आम्ही दोघं, सासूबाई आणि मागे मखराचं सामान. मुंबई-गोवा महामार्गाने कुडाळ गाठायचं म्हणजे चारशेच्या वर किलोमीटर. त्यात सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे दर दीड-दोन तासांनी थांबावंच लागतं. अशा वेळी या रस्त्यावर लहान गावांतले पेट्रोल पंपच खरा आधार ठरतात, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिला थांबा माणगावच्या अलीकडे. इंदापूर-माणगावची कोंडी गणपतीत चुकत नाही, म्हणून तिथे पोचायच्या आधीच टाकी फुल करून घ्या. रांगेत गाडी तासभर सुरू राहिली तरी मग काटा बघत बसावं लागत नाही. पंपावर पेट्रोल लगेच मिळालं, पण स्वच्छतागृहाला कुलूप. "चावी मॅनेजरसाहेबांकडे, ते जेवायला गेलेत." सकाळी साडेसातला! मागे एक बाई लहान मुलीला घेऊन तशाच उभ्या होत्या. मला फार राग आला. मी शांतपणे तक्रार वही मागितली आणि दोन मिनिटांत चावी आली. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, टायरमध्ये हवा, प्रथमोपचार पेटी या सोयी पंपाने ग्राहकाला फुकट द्यायच्याच असतात. पेट्रोल भरलं नाही तरी बायकांनी संकोच न करता मागावं. दिवसभर पाणी न पिता प्रवास करणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात, त्याने तब्येतीचे हाल होतात.

पोलादपूरच्या पुढे कशेडीचा बोगदा असल्याने घाट वाचला. चिपळूणपर्यंत पाऊस. तिथून पुढे काही खास नाही.

मनात राहिला तो कणकवलीच्या अलीकडचा पंप. दोनच मशीन, पत्र्याची शेड, बाजूला चहाची टपरी. आम्ही पोचलो आणि वीज गेली. "वायच थांबा, जनरेटर लावतंय," म्हणत एक मुलगा मागे धावला. तेवढ्यात तिथल्या ताईंनी ऑफिसातली खुर्ची बाहेर आणून सासूबाईंना बसायला दिली. "खंय जातास?" "कुडाळाक," सासूबाई म्हणाल्या, आणि पाच मिनिटांत दोघींना सामाईक ओळखीचं एक घर सापडलं!

पलीकडे एका दुचाकीवाल्या काकांना माप कमी वाटत होतं. ताईंनी वाद घातला नाही. पाच लिटरचं, वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं माप आणून सगळ्यांसमोर भरून दाखवलं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, हे मला तिथेच कळलं. माप बरोबर निघालं, काकांचं समाधान झालं. शंका आली तर हे माप मागायचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, भेसळीची शंका असेल तर पेट्रोलचा थेंब टाकून बघायचा फिल्टर पेपरही मागता येतो. ११०, ५१० अशा आकड्यांचं पेट्रोल घेतलं की फसवणूक होत नाही, असं बरेच जण सांगतात. माझा भरवसा मापावर. आणि हो, खाली उतरून मीटरवर शून्य बघितल्याशिवाय नोझल टाकीत घालू देऊ नका.

पैसे द्यायची वेळ आली तर मोबाइलला रेंज नाही. आमच्याकडे रोख जेमतेम तीनशे. ताई म्हणाल्या, "नंबर लिवन घेवा, घराक पोचल्यार पाठवा." अनोळखी माणसावर एवढा विश्वास! रात्री कुडाळला पोचताच आधी ते पैसे पाठवले. तुम्ही मात्र दीड-दोन हजार रोख जवळ ठेवाच, तीही शंभर-पाचशेच्या नोटांत. गर्दीत सुट्ट्यांची फार अडचण होते.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. त्यामुळे गाडीच्या टाकीचं झाकण नीट बसतंय ना, ते निघण्यापूर्वी तपासा. पंपाच्या आवारात जमिनीतल्या टाक्यांच्या झाकणांवर पाणी तुंबलेलं दिसलं तर मी तिथे भरत नाही, पुढे जाते. नोझल आपोआप बंद झाल्यावर आकडा गोल करायला आणखी पेट्रोल टाकू देऊ नका. सीएनजीवाल्यांनी सिलिंडरच्या तपासणीची मुदत पाहून निघावं, दर तीन वर्षांनी ती करावी लागते. भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी छत्री हाताशी असू द्या.

परतीचं पेट्रोल आदल्या रात्री जेवणाच्या आधीच भरून ठेवा. आम्ही गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भरू म्हणून थांबलो, तर आठच्या सुमारास रांग पंपाच्या बाहेर रस्त्यावर आली होती आणि आमचा पाऊण तास तिथेच गेला.