देवबागच्या खाडीत घडीची कयाक

देवबागला आमच्याकडे येणाऱ्या पर्यटकांना आम्ही वर बसायच्या प्लास्टिकच्या कयाक देतो. उलटली तर सरळ करायची आणि पोटावर घसरत वर चढायचं. वर आलेलं पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. गेल्या पौषात मात्र पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर काका आणि काकू दोन लांबट पिशव्या घेऊन आले, आणि त्या पिशव्यांतून लाकडी दांडे आणि फासळ्या निघायला लागल्या. क्लेपरची एकट्याने चालवायची जुनी घडीची कयाक. जर्मनीतल्या लेकीने कुणाची तरी वापरलेली घेऊन दिली होती. काकांना तिच्यातून खाडीच्या मुखाबाहेर पडून, भोगव्याच्या किनाऱ्याने किल्ले निवतीपर्यंत जायचं होतं.

"आधी इथे खाडीत उलटून दाखवा काका, मग निवतीचं बघू," मी म्हटलं.

"अगं, शिकलोय मी. म्युनिकजवळच्या तळ्यात, आत बसायच्या प्लास्टिकच्या कयाकवर."

होडी जोडता जोडता ते भरभरून बोलत होते. रोझेनहाइमच्या योहान क्लेपरने १९०७ मध्ये या होड्या करायला घेतल्या, दांडे ॲश लाकडाचे, फासळ्या बर्चच्या प्लायवूडच्या. अशाच, पण दोघांच्या क्लेपरमधून हानेस लिंडेमान नावाचा डॉक्टर १९५६ मध्ये कॅनरी बेटांवरून ७२ दिवसांत अटलांटिक पार करून गेला. वाटेत उलटला तेव्हा रात्र त्याने होडीच्या पालथ्या बुडाला धरून काढली होती. हे ऐकताना मी सांगाड्याचे दोन अर्धे होडीच्या कापडी खोळीत सरकताना बघत होते. मधे कुठेच आडवी भिंत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती मोकळी पोकळी. दोन्ही कडांना खोळीच्या आत हवेच्या लांब नळ्या असतात, त्या फुगवल्या की खोळ ताठ होते आणि होडी बुडत नाही. पण न बुडणं वेगळं आणि चालवता येणं वेगळं.

दिवस मी एकादशीचा धरला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. शिवाय भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, त्यामुळे ओढ कमी. सकाळी मतलई वारा समुद्राकडे वाहतो. त्यात ओहोटी असली तर उलटलेला माणूस होडीसकट मुखाकडे जातो, भरती असली की ती त्याला आत धरून ठेवते. युरोपातलं सगळं प्रशिक्षण थंड पाण्याच्या धास्तीवर उभं आहे. आपल्याकडे पाणी उबदार, गारठून जायची भीती नाही. आपला माणूस दमतो, आणि दमताना वाहत जातो.

आमचे बोटवाले दादा बोट घेऊन थोड्या अंतरावर थांबले. "काय करूचा ता हयसरच करा, भायर जाव नकात," एवढंच त्यांनी सांगितलं.

काका उलटले. स्प्रे स्कर्टची, म्हणजे बैठकीचं तोंड झाकणाऱ्या कमरेभोवतीच्या कापडाची, पट्टी ओढून छान बाहेर आले, वल्हं हातातून सोडलं नाही, होडी सरळ केली. वल्ह्याच्या पात्यावर पॅडल फ्लोट, म्हणजे हवेची पिशवी, चढवून फुगवला आणि दांडा बैठकीच्या लाकडी कडेवर मागे आडवा धरला. आत बसायच्या प्लास्टिकच्या कयाकवर दांडा मागच्या दोरीत अडकवता येतो. इथे वरचं कापड, तसली दोरी नाही, म्हणून अंगठ्याने कड आणि बोटांनी दांडा एकत्र आवळून धरायचा. मग लटकून वर ओढायचं नाही. आधी पाय झाडून अंग पाण्याच्या पातळीत आडवं आणायचं आणि पुढे सरकायचं, नाहीतर लाइफ जॅकेटचा पुढचा भाग कडेला अडतो. पोट मागच्या कापडावर, पाय आत, वजन फ्लोटच्या बाजूला ठेवून हळूच वळायचं. साठी उलटलेल्या माणसाने हे सगळं नेमकं केलं. काकूंनी किनाऱ्यावरून टाळ्या वाजवल्या.

मी मात्र होडीकडे बघत होते. कड पाण्याला टेकायला आलेली. आत दोनशे लिटरच्या आसपास पाणी असावं, म्हणजे काकांच्या वजनाच्या दुपटीहून जास्त, आणि ते स्थिर बसत नाही. काका जरा डावीकडे झुकले की सगळं पाणी डचमळत डावीकडे. हातपंप मिनिटाला तीसेक लिटर ओढतो, तोही दोन्ही हात लावले तर, म्हणजे तेवढा वेळ वल्ह्याला हातच नाही. काकांनी पंप मारायला सुरुवात केली. तेवढ्यात पर्यटकांची एक बोट लांबून गेली. लाट फुटभरही नसेल. ती कडेवरून आत आली आणि उपसलेलं सगळं पुन्हा भरलं. पुढच्या लाटेला काका उलटले.

पुन्हा चढले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हात थरथरायला लागले तेव्हा मी त्यांना बोटीला धरून विश्रांती घ्यायला लावली.

"चढायला जमतंय, तरी असं का?" त्यांनी विचारलं.

"चढण्यात काहीच चूक नाही काका. होडीत पाण्याला जागा फार आहे."

किनाऱ्यावर पर्यटकांचे मोबाइल आणि कपडे ठेवायच्या, पाणी न शिरणाऱ्या मोठ्या ड्राय बॅगा होत्या. त्या हवा भरून गुंडाळल्या, दोन पुढच्या टोकात आणि दोन मागे कोंबल्या आणि फासळ्यांना दोरीने बांधल्या. बांधणं महत्त्वाचं, नाहीतर होडी उलटल्यावर त्या तरंगत बाहेर येतात. पाणी आता फक्त काकांच्या पायांभोवती शिरू शकत होतं. काका उलटले, चढले, आणि आत बसल्यावर कड पाण्याच्या चांगली वर राहिली. स्कर्ट अर्धा लावून एका बाजूच्या फटीतून पंप आत घातला. आणखी एक बोट गेली, लाट कापडावरून ओघळून गेली. पंप कोरडा खरखरायला लागला तसा काकांनी तो वर उचलून काकूंना दाखवला.

भरती थांबली होती. खाडीतलं शेवाळ मुखाकडे सरकायला लागलं, तसं मी आटोपतं घेतलं. काकांना मुखाजवळच्या लाटांत एकदा करून बघायचं होतं. मी नाही म्हटलं. ड्राय बॅग दाबली गेली की गुंडाळीतून हवा सोडते, तिच्या भरवशावर मुखाबाहेर जायचं नाही.

दुपारी आम्ही खोळ उलटून वाळू काढली, दांडे गोड्या पाण्याने धुतले. काकांनी टेप घेऊन पुढच्या आणि मागच्या टोकाची मापं काढली आणि लेकीला पाठवली. तिने त्या मापाच्या हवेच्या पिशव्या आणल्या की माघात पुन्हा एकादशी धरायची, आणि निवतीला जाताना सोबत दादांची बोट राहील, असं ठरलं.