रिलीव्हर आला नाही

हे जहाजावर सेकंड इंजिनिअर. २०२० च्या जानेवारीत साइन ऑन केलं, कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं. जुलैत येतील म्हणून मी हापूसचा रस आटवून फ्रिजमध्ये बरणी भरून ठेवली. पण तोवर विमानं बंद, बंदरं बंद. रिलीव्हर, म्हणजे यांच्या जागी येणारा माणूस, चढेना, म्हणून यांना उतरता येईना. घरी आले ते डिसेंबरात. त्या महिन्यांत 'कधी येताय?' हा प्रश्न मी फोनवर विचारायचा सोडून दिला होता.

म्हणूनच नासाचा फ्रँक रूबिओ मला अंतराळवीर वाटतच नाही, जहाजावरचाच वाटतो.

२१ सप्टेंबर २०२२ ला प्रोकोप्येव्ह आणि पेतेलिन या दोन रशियन सोबत्यांबरोबर तो कझाकस्तानातल्या बायकोनूरहून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला. तोही सहा महिन्यांसाठीच. डिसेंबरात त्यांच्या सोयुझ यानाच्या बाहेरच्या नळीला भोक पडलं आणि गार ठेवणारं द्रव अवकाशात फवाऱ्यासारखं उडून गेलं. बारीकसा उल्काकण लागला असावा, असं रशियानं सांगितलं. आता त्यात तिघं बसले तर आत भट्टीच व्हायची. फेब्रुवारीत दुसरं सोयुझ पाठवलं, पण रिकामं! त्यातून यायचे होते या तिघांचे रिलीव्हरच. ते आले थेट सप्टेंबरात.

सोयुझमधली बैठक ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापानं घडवलेली असते. नवं यान येईपर्यंत काही झालंच तर असावी, म्हणून रूबिओची बैठक स्थानकाला जोडलेल्या अमेरिकन ड्रॅगन यानात नेऊन बांधली. जेवताना हे यांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे लाइफबोट बदलून दिली." एवढं बोलून आमटी वाढून घेतली. मला मात्र त्या एका बैठकीनं घास उतरेना. त्याच्या घरी बायको आणि चार मुलं होती.

एकूण ३७१ दिवस. आधीच वर्षाचं सांगितलं असतं तर घरच्यांसाठी बहुतेक नाहीच म्हटलं असतं, असं परतायच्या आधी तो म्हणाला. मी ते वाचून दाखवलं. "मीपण," हे म्हणाले.

आणि तो टोमॅटो! रूबिओनं वर टोमॅटो पिकवले, एक पिशवीत घातला आणि तो कुठेतरी तरंगत गेला. त्यानं तासन्‌तास शोधला. सगळे म्हणाले, खाल्लास तूच. बिचारा कझाकस्तानात उतरला तेव्हाही आळ डोक्यावर होताच. डिसेंबर २०२३ मध्ये वरच्या मंडळींना तो टोमॅटो सापडला, सुकलेला.

आमची बरणी यांनी उघडली तेव्हा चाटूनपुसून रिकामी होती. अजून विषय निघतो. मी चिरंजीवांकडे बघते आणि चिरंजीव पंख्याकडे.