‘अनडिक्लेअर्ड’ला मराठीत काय म्हणायचं?

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दर रविवारचा प्रश्न ठरलेला आहे. “ते सगळं ठीक आहे गं, पण पोरगी शिकतेय काय?”

सांगलीत या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं असतं. मेकॅनिकल. बीएएमएस. सीए. माझी लेक गेल्या ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेत, ओहायोत विद्यापीठात दाखल झाली, तेव्हा तिच्या कागदावर मेजरच्या रकान्यात ‘अनडिक्लेअर्ड’ असं छापलेलं होतं. मुख्य विषय अजून जाहीर केलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण अण्णांना हे सांगायचं कसं? मी “सायन्सला आहे” म्हणायचे आणि पावसाचं विचारायचे.

ऑक्टोबरमध्ये तिचा कॅल्क्युलसचा पेपर बिघडला. ती बोलली नाही, पण फोनवरचा आवाज आईला कळतोच. मी सरळ तिच्या ॲडव्हायजरना फोन लावला. इथे प्रत्येक मुलाला विषय निवडायला मदत करणारा असा एक माणूस नेमून दिलेला असतो. बाई फार अदबीने बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीने संमतीपत्रावर सही केल्याशिवाय तिचे मार्क, तिचे विषय, यातलं काहीच मी तुम्हाला सांगू शकत नाही. 1974 चा कायदा आहे, त्याला फर्पा म्हणतात. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो. ते अठराचं झालेलं नसलं तरीही.

मला फार लागलं ते. फी आम्ही भरायची, डॉर्मवर गाद्या-उशा आम्ही वाहून न्यायच्या, आणि मार्क विचारले तर आधी सही आणा! माझ्या वेळी निकालाच्या दिवशी अण्णा माझ्याआधी नोटीस बोर्डापुढे उभे असायचे. माझा नंबर शोधायचे, बोट ठेवायचे, मगच माझ्याकडे वळायचे. त्यात पाळत नव्हती, माया होती. ती माया या देशात बेकायदा आहे की काय, असंच आठवडाभर वाटत राहिलं. नवऱ्याला ऐकवलं, शेजारच्या कोल्हापूरच्या वहिनींना ऐकवलं, पुण्याला बहिणीला फोन करून ऐकवलं.

लेकीला कळलं तेव्हा ती चिडली नाही. म्हणाली, “आई, पुढच्या आठवड्यात माझी त्यांच्याशी भेट आहे. तूच चल की.” कायद्याची हरकत नव्हती, कारण बोलावत ती होती.

त्या अर्ध्या तासाबद्दल मला लिहायचं होतं, म्हणून हा सगळा प्रपंच.

काय व्हायचंय, हे बाईंनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “या महिन्यात कुठल्या तासाला तुझं फोनकडे लक्षच गेलं नाही?” लेक जरा थांबली आणि म्हणाली, जिऑलॉजीची लॅब. तिथे एका लांब ट्रेमध्ये वाळू भरून वरून पाण्याची धार सोडतात आणि पाणी स्वतःची वाट कशी कोरतं, वळण कुठे घेतं, गाळ कुठे टाकतं, ते बघायचं असतं. ती बोलत सुटली. पाच-सात मिनिटं तरी बोलली असेल. माझ्या मुलीला वाळूत वाहणाऱ्या पाण्याबद्दल इतकं काही सांगायचं आहे, याचा मला पत्ता नव्हता. अठरा वर्षांत मी तिला किती पडले, किती पैकी पडले, सगळं विचारलं होतं. हे राहिलं होतं.

बाईंनी जिऑलॉजी घे असं काही म्हटलं नाही. एका कोऱ्या कागदावर त्यांनी बाण काढले. पदवीला 120 क्रेडिट लागतात, म्हणजे दर सेमिस्टरला साधारण 15, अशी 8 सेमिस्टर. पहिल्या वर्षाचे लेखन, इतिहास, सांख्यिकी असे विषय कुठलंही मेजर घेतलं तरी उपयोगी पडतील. पण कॅल्क्युलस सोडू नकोस. त्याच्यावर फिजिक्स उभं आहे, फिजिक्सवर इंजिनिअरिंगचे पुढचे पेपर. साखळीतली पहिली कडी एका सेमिस्टरने हुकली तर शेवटची कधीकधी वर्षाने हुकते. “ठरलं नसेल तर चालेल,” त्या म्हणाल्या, “पण न ठरवता दारं बंद होऊ द्यायची नाहीत.” मग गणिताची मोफत शिकवणी कुठल्या इमारतीत, किती वाजता, तेही लिहून दिलं. मार्क शेवटपर्यंत निघाले नाहीत. लेकीने नंतर गाडीत आपणहून सांगितले.

मेजर न ठरलेल्या मुलांसाठी एका क्रेडिटचा वेगळा वर्गही असतो. त्यात तिने सरकारच्या श्रम खात्याची साठ प्रश्नांची मोफत आवड-चाचणी सोडवली. पहिलाच प्रश्न होता, स्वयंपाकघराची कपाटं बनवायला आवडेल का? जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने आवडींचे सहा प्रकार मांडले, त्यावर ही चाचणी बेतलेली आहे. आपल्याकडे हे नवीन नाही, हेही सांगायलाच हवं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीकडे कल चाचणीसाठी मुलांना घेऊन जाणारे पालक माझ्या माहितीत कितीतरी आहेत, आणि 2016 मध्ये आपल्या बोर्डाने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती. आपल्याकडे चाचणीनंतर लगेच प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो आणि इथे चाचणीनंतर वर्षभर वेळ मिळतो. फरक मला तेवढाच दिसतो.

तो वेळही सगळ्यांना मिळत नाही. नर्सिंगला किंवा कॉम्प्युटर सायन्सला अनेक विद्यापीठांत जागा मोजक्या असतात. तिथे मागाहून शिरायचं तर पुन्हा मार्कांची चाळणी लागते, आपल्या कॅप राउंडसारखीच. आणि ठरवून आलेलेही बदलतातच. 2011-12 मध्ये दाखल झालेल्या आणि मेजर जाहीर केलेल्या मुलांपैकी सुमारे 30 टक्के मुलांनी तीन वर्षांत ते बदललं, असं इथल्या शिक्षण खात्याची आकडेवारी सांगते. गणित घेतलेल्यांत तर निम्म्याहून जास्त.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, आपल्याकडे मुलांना विचारत नाहीत. मला ते मान्य नाही. माझा फॉर्म अण्णांनी भरला, इलेक्ट्रॉनिक्स त्यांनी लिहिलं, मी सही केली. पाटबंधारे खात्यातल्या माणसाच्या घरात दोन मुली, एक पगार. वर्ष वाया जाणं परवडणारं नव्हतं. चुकलं तर परत येऊन दुसरी लाइन धरायची सोय नसेल, तर बाप मुलीला चुकू कसा देईल? त्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर मी इथे आले, म्हणून माझी मुलगी आज ‘अनडिक्लेअर्ड’ राहू शकते. मला इलेक्ट्रॉनिक्स आवडतं का, हे मला कुणी विचारलं नाही, हेही खरंच. पण अण्णांना तरी कुणी विचारलं होतं?

मागच्या महिन्यात त्या एका क्रेडिटच्या वर्गात गृहपाठ आला. एखाद्या कामाबद्दल ते काम केलेल्या माणसाशी अर्धा तास बोलायचं आणि लिहून द्यायचं. लेकीने रविवारचा फोन माझ्या हातातून घेतला.

“आजोबा, तुम्ही नेमकं काय काम करायचात?”

पलीकडे शांतता. मग अण्णा सुरू झाले. आयर्विन पुलावरची कृष्णेची पातळी कशी वाचायची. कोयनेतून पाणी सोडलं की ते सांगलीत पोचेपर्यंत हातात किती वेळ असतो, आणि सांगलीच्या खाली वारणा फुगून कृष्णेला मिळाली की तो हिशोब कसा बिघडतो. 45 फुटांना धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा अण्णा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी गच्चीवर उभे राहून तासातासाला आकडे वहीत लिहीत होते. ही वही मी कधी पाहिली नव्हती.

“यातलं तुम्हाला सगळ्यात काय आवडायचं?” लेकीने विचारलं.

“आवडायचं म्हणजे…” अण्णा अडखळले. “रात्री दोनला फोन यायचा, आकडा मागायचा. मी आकडा सांगायचो आणि कुठल्या गल्लीपर्यंत पाणी येईल तेही सांगायचो. तिथवरच यायचं. ते आवडायचं.”

अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं झाली. तिने त्यांना वाळूच्या ट्रेबद्दल सांगितलं. इथे पाण्याचा अभ्यास करणाऱ्या लोकांना हायड्रॉलॉजिस्ट म्हणतात, देशभरात ते काही हजारच आहेत, हेही सांगितलं. अण्णांनी लगेच विचारलं, पगार किती, पर्मनंट असते का नोकरी. तिने सरकारी संकेतस्थळ उघडून आकडा वाचून दाखवला. अण्णांनी तो मनातल्या मनात रुपयांत मांडला असणार, कारण थोडा वेळ आवाज आला नाही.

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा “पोरगी शिकतेय काय” हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “तिला कागद-पेन घेऊन पुढच्या रविवारी बसायला सांग. वारणेचं राहिलंय.”