ओंडक्यातली शेती

लाकूड कुजणे ही गोष्ट माणसाने कायम शत्रुपक्षात टाकलेली आहे. चौकटीला ओल लागू नये, फळीला बुरशी धरू नये, यासाठी आपण रंगरोगणाचे थर चढवत राहतो. ओंडक्यावर अळिंबी पिकवणाऱ्याला मात्र लाकूड कुजायलाच हवे असते. ते कोणी कुजवायचे हे आपण ठरवू, एवढाच त्याचा आग्रह असतो, आणि या छंदातले बहुतेक सारे कौशल्य त्या आग्रहापोटी आलेले आहे.

शिताके अळिंबीसाठी ओकसारख्या कठीण, रुंदपर्णी झाडाचा साधारण 1 मीटर लांबीचा आणि 10 ते 15 सेंटीमीटर व्यासाचा ओंडका घेतात. झाड विश्रांतीत असताना, म्हणजे नवी पालवी फुटण्यापूर्वी तो तोडलेला असावा, कारण तेव्हा लाकडात साखरेचा साठा भरपूर असतो आणि साल घट्ट चिकटलेली राहते. तोडल्यावर दोनतीन आठवडे थांबायचे. जिवंत पेशी बुरशीला विरोध करतात, म्हणून थोडी वाट पाहणे भाग असते. पण फार थांबले तर हवेतून आलेल्या दुसऱ्याच बुरश्या आत घुसतात. ओंडका हे रिकामे घर आहे आणि जो भाडेकरू आधी शिरेल त्याला पुढे हलवणे कठीण, हे एकदा मनात ठसले की उरलेल्या कृतीची कारणे आपोआप उलगडतात. ड्रिलने सुमारे अडीच सेंटीमीटर खोल भोके पाडायची, त्यांत शिताकेच्या बुरशीने व्यापलेल्या लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि वर वितळलेले मेण लावायचे. मेणाने ओलही टिकते आणि आगंतुकांची वाटही अडते. बुरशी लाकडाच्या रेषांच्या दिशेने भरभर आणि आडवी सावकाश पसरते, म्हणून एका ओळीतली भोके दूर असली तरी चालतात, ओळी मात्र जवळजवळ हव्यात.

त्यानंतर सहा महिने ते दीड वर्ष दाखवण्यासारखे काहीच घडत नाही. ओंडका सावलीत पडून असतो आणि आत कवकजाल, म्हणजे बुरशीच्या तंतूंचे जाळे, लाकूड ज्यांचे बनलेले असते ते लिग्निन व सेल्युलोज पचवत असते. रोज काही उगवलेले पाहण्याची ज्याला सवय आहे, त्याने या वाटेला न जाणेच बरे. आपले काम एवढेच, की लाकूड फार वाळू द्यायचे नाही. पुढे कापलेल्या टोकांवर पांढरे ठिपके आणि पट्टे दिसू लागले, की कवकजाल आरपार पोहोचल्याचे समजावे.

मग ओंडका दिवसभर थंड पाण्यात बुडवून ठेवतात. काही जण त्यावर हातोडीचे ठोकेही देतात. ही युक्ती पुष्कळ जुनी आहे: वांग झेन या चिनी लेखकाने 1313 सालच्या कृषिग्रंथात शिताकेसाठी ओंडके बडवण्याची रीत नोंदवून ठेवली आहे. आपल्या काळात जपानच्या इवाते विद्यापीठातील संशोधकांनी ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे क्षणिक झटके देऊन पाहिले आणि उत्पादन वाढलेले आढळले. वर्षभर जिवापाड जपलेल्या ओंडक्याला शेवटी बुडवायचे आणि बडवायचे, हा प्रकार मला फार गमतीचा वाटतो. पण आरामात असलेले कवकजाल लाकूड खात बसते आणि फळ, म्हणजे अळिंबी, धरण्यासाठी त्याला बदलाचा धक्का लागतो.

बुडवल्यानंतर थोड्याच दिवसांत साल फोडून तपकिरी बोंडे वर येतात. छत्रीची कड अजून आत वळलेली असतानाच ती काढावीत आणि नीट शिजवूनच खावीत, कारण कच्च्या शिताकेमुळे काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे पुरळ उठते. पुन्हा बुडवण्याआधी ओंडक्याला दीडदोन महिने विसावा द्यावा. अशा बेताने घेतले तर तो तीन ते पाच वर्षे पीक देतो. या काळात एखादी अनोळखी छत्रीही त्यावर उगवू शकते. ती आपल्याच ओंडक्यावर आली म्हणून खाण्याजोगी ठरत नाही. खात्रीने ओळखता येत नसेल तर ती फेकून द्यावी.