आमची वाटचाल : खालचा एक फूट

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात पूर्वी कुंपण विकत घ्यायची रीतच नव्हती. भात कापून झालं की घरचीच माणसं करवंदीच्या काट्या तोडायची, माणग्याच्या, म्हणजे इकडच्या बांबूच्या काठ्या रोवायची, की वई, म्हणजे काट्याकाठ्यांचं कुंपण, तयार. पावसात ती कुजायची, दिवाळीनंतर पुन्हा घालायची. बाबांचा त्यात हात बसलेला. मी वेल्डिंग शिकलो, 2012 साली ग्रिलचं दुकान टाकलं आणि वई म्हणजे जुन्या माणसांचं काम असं ठरवून मोकळा झालो.

डुकरांनी मला परत वईपाशी आणलं. मुंबईला गेलेल्यांच्या बंद घरांभोवती रान माजलं, तशी रानडुकरं आणि साळिंदरं थेट घरामागच्या परड्यात येऊ लागली. कुंपणाचं आमचं पहिलं काम सुरण आणि केळीच्या परड्याचं. लोखंडी अँगल, पाच फुटी चेनलिंक जाळी, सगळं कसं ताठ आणि चकचकीत. आठव्या दिवशी मालकांचा फोन आला. पऱ्यापाशी, म्हणजे ओहोळाजवळ, जाळी जमिनीपासून वीतभर वर राहिली होती. तेवढ्यातून डुक्कर आत गेलं आणि सुरणाचा अख्खा वाफा नांगरल्यासारखा उकरून गेलं. शेजारची आजी काठी टेकत बघायला आली. म्हणाली, "झिला, डुकर कधी वरसून इलेलो बघलंस काय? तो खालसून रिगता."

ते काम आम्ही पदरमोड करून पुन्हा केलं.

तेव्हापासून आधी खालचा फूट, मग वरचं. जाळी असेल तर तळाचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून मातीखाली घालतो आणि वर जांभ्याचे तुकडे रचतो. साळिंदर उकरायला लागलं की त्याच्या पायाला आधी जाळी लागते. डुकरासाठी कुंपण उंच नसलं तरी चालतं, खाली फट नको.

स्वस्तात हवं असेल तर अँगल सोडा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की गिरिपुष्पाचे मनगटाएवढे खुंट चार-चार फुटांवर रोवायचे. ते जगतात, जिवंत लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, आणि पाला भाताच्या चिखलणीत खत म्हणून जातो. खुंटांना खिळे मारायचे नाहीत, आडव्या काठ्या सुंभाने बांधायच्या. आमच्या अँगलच्या कुंपणापेक्षा हे निम्म्याहून कमी पैशात होतं. फक्त वर्षातून एकदा छाटणी लागते, आणि ती कोणी करत नाही हा माझा अनुभव.

कुंपणाला मासेमारीची जुनी जाळी लावायची टूम आम्हीही केली. मालवणच्या बाजूने किलोवर मिळायची. एका सकाळी त्यात सात फुटी धामण अडकलेली सापडली, सोडवेपर्यंत मेलेली. उंदीर खाणारा प्राणी आपणच मारला, याचं वाईट वाटलं. आता जाळी गुडघ्याच्या वरच लावतो. खाली चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या कामट्या, पेराएवढ्या फटी ठेवून, उभ्या विणतो. म्हणजे बाबांची वईच झाली की.

झटका मशीनही बसवतो, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र. बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलर पॅनेल, साधारण सेकंदाला एक झटका. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. पण पावसात गवत वाढून तारेला टेकलं की झटका गवतातून जमिनीत जातो, म्हणून तारेखालचं बेणायला हवं. दर वर्षी एखादा तरी विचारतो, घरची लाईन थेट तारेला जोडून देता काय. अशा गिऱ्हाइकाला आम्ही चहा पाजून परत पाठवतो. त्या तारेला उद्या शेजाऱ्याचं पोर चिकटायचं.

गव्यापुढे मात्र आमचं काही चालत नाही. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, तो टेकला की खांब आडवे. वानरांचंही तसंच. ती झाडावरून येतात. त्यांच्यासाठी कुंपण मागणाऱ्याला सरळ नाही सांगतो, मग तो दुसऱ्या कोणाकडून तरी जुन्या साड्या बांधून घेतो आणि आठवड्याने वानरं त्या साड्यांवरच झोके घेत बसतात.

आज आम्ही चौघं आहोत. ग्रिलचं काम पूर्वीच्या निम्म्यावर आलंय. वय झालं तरी बाबा कामट्या स्वतः सोलतात, माझ्या सोललेल्या त्यांना अजून पसंत नाहीत.