लिव्हरपूलचा नवा मॅनेजर स्लॉट याची पहिली प्री-सीझन बघून (ऑगस्ट २०२४)

प्री-सीझनच्या, म्हणजे लीग सुरू व्हायच्या आधीच्या सराव मॅचेसच्या, स्कोअरवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. २०२२ च्या जुलैत बँकॉकला मँचेस्टर युनायटेडने आपल्याला, म्हणजे लिव्हरपूलला, ४-० धुतलं होतं आणि त्याच सीझनला मार्चमध्ये आपण त्यांना आपल्या ॲनफिल्ड मैदानावर ७-० हाणले. त्याच जुलैत आपल्या डार्विन नुन्येझने जर्मनीच्या लाइपझिगला एकट्याने चार गोल ठोकले, सगळे ‘नवीन सुआरेझ, नवीन सुआरेझ’ (आपला जुना गोल-मशीन) करत नाचत होते आणि सीझन संपला तेव्हा आपण लीगमध्ये पाचवे! त्यामुळे यंदा २०२४ ला अमेरिकेत बेटिस १-०, आर्सेनल २-१, युनायटेड ३-० असं सगळं जिंकलो म्हणून कोणी आत्तापासून लीगची स्वप्नं बघत असेल तर बघू दे बापडा. निघायच्या आधी बंद दाराआड प्रेस्टनकडून १-० हरलोय, ते कोणी बोलत नाही.

पण खेळ कसा दिसतोय ते तर बघायचंच असतं ना, आणि त्यासाठी पहाटे पाचला उठलेलं वसूल झालं राव. बाहेर धो धो पाऊस, घरचे झोपलेले, आवाज बंद करून मॅच, गोल झाला तरी ओरडायची सोय नाही.

सगळ्यात आधी काय जाणवलं तर थांबणं. आधीचा मॅनेजर क्लॉप, त्याच्या टीमने बॉल हिसकावला की सगळे सुसाट पुढे, बघणाऱ्याचाच श्वास अडकायचा. आता सेंटर-बॅक (मधला बचावपटू) चक्क बॉलवर पाय ठेवून उभा राहतोय, समोरचा प्रेस करायला, म्हणजे बॉल हिसकावायला अंगावर, येईपर्यंत थांबतो, तो आला की त्याच्या मागे जी जागा रिकामी झाली तिथे सरळ पास. बुलेटवरून उतरून कोणीतरी गिअर बघत बघत कार चालवायला लागावं तसं वाटलं पहिल्यांदा. बेटिसच्या मॅचला मला हे कंटाळवाणं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण आर्सेनलच्या वेळी त्याच थांबण्यातून मधली जागा उघडत गेली आणि तिथे एलियट बसलेला. सालाह आणि कार्व्हालो, दोघांच्याही गोलला पास त्याचाच. हा पोरगा मिडफिल्डमध्ये मधोमध खेळला की वेगळाच दिसतो, त्याला उजव्या कडेला टाकून वाया घालवू नका एवढंच म्हणणं आहे.

कार्व्हालोची मात्र गंमतच झाली. आर्सेनलविरुद्ध गोल, युनायटेडविरुद्ध पण गोल, आणि बक्षीस काय तर ब्रेंटफर्डचं तिकीट. प्री-सीझन ही कधीकधी विकायच्या मालाची जाहिरात असते हे मला माहितीये, तरी वाईट वाटलंच.

आणि खरेदी? शून्य. ऑगस्ट २०२४ चा मध्य आला आणि एक माणूस घेतला नाहीये. झुबिमेंडी येणार येणार म्हणता म्हणता स्पेनच्या सोसिएदाद क्लबलाच राहिला, म्हणजे सहा नंबरचा (बचावाच्या पुढे उभ्या राहणाऱ्या मिडफिल्डरचा) प्रश्न जिथल्या तिथे. मला विचाराल तर आपल्याच ग्राव्हेनबर्खला तिथे खेळवून बघावं, स्लॉट डच, हा डच, निदान समजावताना भाषेची अडचण नाही. त्यात सालाह, व्हर्जिल (व्हॅन डाइक), ट्रेंट (अलेक्झांडर-अर्नोल्ड) तिघांच्याही करारांचं शेवटचं वर्ष. याच्यावर क्लबमधले लोक तोंड का उघडत नाहीत देव जाणे.

एक गोष्ट चांगली झाली, मोठी दुखापत कोणाला नाही. युनायटेडचं बघा, नवा बचावपटू योरोला केवढे पैसे देऊन आणला आणि अमेरिकेतच पाय मोडून बसला. त्यांना ३-० हरवलं त्या रविवारी पहाटे मला आनंद झाला नाही असं नाही (झाला, भरपूर झाला), पण समोर अर्धीमुर्धी टीम होती हेही खरं.

ॲनफिल्डवर सेव्हियाला ४-१ हरवताना डियाझने दोन मारले, जोटाने एक आणि शेवटी सतरा वर्षांच्या नियोनीने एक. मस्त संध्याकाळ गेली. पण सेव्हियाने प्रेस असा केलाच नाही. शनिवारी लीगच्या पहिल्या मॅचला इप्सविच करणार, बावीस वर्षांनी प्रीमियर लीग त्यांच्या पोर्टमन रोड मैदानावर परत येतेय, त्यांचं पब्लिक वेडं झालेलं असणार. पहिली वीस मिनिटं ते अंगावर धावून येतील, तेव्हा आपले सेंटर-बॅक बॉलवर पाय ठेवून उभे राहतात की घाबरून लांब भिरकावतात, मला तेवढंच बघायचंय. संध्याकाळी पाचला आहे, निदान झोपमोड तरी नाही.